ओवीचा ‘क’ आणि आम्ही पाच शहाणे

आमची ओवी सव्वातीन वर्षांची होती तेव्हा तिने एका वाक्यात माझी अब्रू घालवली. वाक्य असं होतं: “बाबा दाडीतून जातात.”

विश्रांतवाडीत आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक बालवाडी आहे. बालवाडी म्हटलेलं तिथल्या संचालिकाबाईंना आवडत नाही, म्हणून आपण शाळा म्हणू. या शाळेत लहान मुलांची मुलाखत घेत नाहीत. मुलाला समोर बसवून फक्त गप्पा मारतात आणि त्या गप्पांचे गुण एका कागदावर लिहितात. बाईंनी ओवीला विचारलं, बाबा ऑफिसला कसे जातात. ओवीने आपल्या परीने ‘गाडीतून’ असंच सांगितलं. पण तिच्या तोंडात ‘ग’ चा ‘द’ होतो आणि ‘क’ चा ‘त’. बाईंनी माझ्या दाढीकडे पाहिलं. दाढी मला आहे, आणि ती जरा दाट आहे, हे मी नाकारत नाही. मग त्यांनी सकाळी काय खाल्लंस असं विचारलं. ओवी म्हणाली, “तेलं.” केळं, दुसरं काय. आमच्या घरात हे सर्वांना ठाऊक आहे. बाईंनी मात्र कागदावर ‘तेल’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

निकाल तिथल्या तिथे मिळाला. मुलगी चुणचुणीत आहे, पण बोलणं स्पष्ट नाही. महिन्याभरात तज्ज्ञांचं पत्र आणा, मग प्रवेशाचं बघू. जिना उतरताना ओवी खुशीत होती, कारण बाईंनी तिला फुगा दिला होता. मला काहीच दिलं नव्हतं.

त्याच दिवशी मी सरळ तज्ज्ञांकडे गेलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माझा व्यवसाय आड आला. मी सॉफ्टवेअर तपासतो. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि त्या माणसाला सभ्य इंग्रजीत कळवायच्या. अकरा वर्षं हे काम केल्यावर माणसाला वाटायला लागतं की जगातली कुठलीही चूक एकदा यादीत आली की अर्धी सुटली. मी लॅपटॉप उघडला आणि एक्सेलमध्ये ओवीच्या चुकलेल्या शब्दांची यादी केली. शब्द, सध्याचा उच्चार, अपेक्षित उच्चार, प्राधान्य, स्थिती, असे पाच रकाने. त्रेचाळीस शब्द निघाले. माझी बायको पूर्वा शेजारी उभी राहून बघत होती. तिने विचारलं, ‘दाडी’पुढे ‘अतितातडीचे’ असं का लिहिलंयस. मी म्हटलं, सामाजिक परिणाम लक्षात घेऊन.

रोज संध्याकाळी वीस मिनिटं, पंधरा दिवस, अशी योजना होती. मी चित्र दाखवायचो, ओवी शब्द म्हणायची, मी म्हणायचो, “दाडी नाही, गाडी. ग. ग.” ओवी माझ्या तोंडाकडे निरखून बघायची आणि प्रामाणिकपणे म्हणायची, “द. द.” तिला हा खेळ फार आवडला. बाबा तोंड वाकडं करतात आणि आपण ‘द’ म्हटलं की हताश होतात, असे काहीसे त्या खेळाचे नियम आहेत अशी तिची समजूत झाली होती. आठवड्याने मी आढावा घेतला. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस चुका शिल्लक होत्या.

तोवर बातमी इमारतभर झाली होती. ती मी सांगितली नव्हती. ओवीनेच लिफ्टमध्ये चार जणांना ‘ग, ग, द, द’ असा पाठ म्हणून दाखवला होता. त्या दिवसापासून मला सल्ला न देता लिफ्टमधून कोणी उतरेना. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी घरात इंग्रजी बंद करायला सांगितलं. चौथ्या मजल्यावरच्यांनी घरात फक्त इंग्रजीच बोलायला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचे आम्ही असल्यामुळे मध्येच सापडलो होतो. कुणी म्हणालं, शिट्टी वाजवायला द्या, जिभेला व्यायाम होतो. मी शिट्टी आणली. ओवीने ती चार दिवस वाजवली, आणि मग खालच्या मजल्यावरून निरोप आला की आमच्या जिभेचा व्यायाम पुरे झाला असेल तर त्यांना दुपारी पडायचं आहे. समोरच्या फ्लॅटमधल्या प्रियदर्शनीबाईंनी सल्ला दिला नाही. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की त्यांच्या आमोदने दहाव्या महिन्यात ‘हेलिकॉप्टर’ असा शब्द उच्चारला होता. आमोद आता अकरा वर्षांचा आहे, आणि विचारलेल्या प्रश्नाला मान हलवण्यापलीकडे काही बोलल्याचं मला आठवत नाही. बहुधा हेलिकॉप्टरमध्ये सगळं संपलं असावं.

अशात पूर्वाने मला एक साधा प्रश्न विचारला. मी स्वतः तीन वर्षांचा असताना कसा बोलत होतो. मला आठवेना, म्हणून मी कारंजाला आईला फोन केला. कारंजा म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, मी तिथला. आई म्हणाली, मी चौथं वर्ष लागेपर्यंत नुसता हुंकार द्यायचो आणि बोटाने दाखवायचो. मग तिने विचारलं, हे आत्ताच का विचारून राहिला. मी कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली.

माझी आई, द्वारकाबाई, पुण्याला यायची म्हणजे सोबत एक पिशवी असते आणि त्या पिशवीत आमच्या घरात नसलेलं सगळं असतं. या वेळी वेखंडाचं कांडं होतं. ते मधात उगाळून जिभेला लावायचं. पूर्वाने ते हातात घेऊन नीट पाहिलं, सासूबाईंना नमस्कार केला आणि वेखंड कपाटात ठेवून कुलूप लावलं. आईने वाद घातला नाही. तिच्याकडे दुसरा उपाय होता. पोपटाने उष्टावलेला जांब लेकराला खाऊ घातला की वाचा सुटते. आमच्याकडे पेरूला जांब म्हणतात.

पेरूचं झाड आमच्या सोसायटीच्या आवारातच आहे आणि त्यावर पोपट येतात. पण त्या झाडावर एक पाटी आहे: ‘फळे सामाईक मालकीची आहेत. तोडू नयेत. हात लावू नये. बघून आनंद घ्यावा.’ पाटी सचिव बजरंग शितोळे यांनी लावलेली. मी त्यांना भेटलो. ते म्हणाले, लेखी द्या. मी लेखी दिलं. विषय: पोपटाने उष्टावलेला एक (१) जांब मिळणेबाबत. आईचा शब्द माझ्या हातून तसाच गेला. तीन दिवसांनी उत्तर आलं, की सोसायटीच्या आवारात जांब नावाचे झाड नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

मुलीचे उच्चार सुधारायला निघालेल्या माणसाचा स्वतःचा अर्ज शब्दामुळे फेटाळला गेला, यातून मी काहीतरी बोध घ्यायला हवा होता. मी फक्त दुसरा अर्ज केला, ‘पेरू’ लिहून. त्यावर शितोळ्यांनी विचारलं, की फळ पोपटानेच उष्टावलं आहे, खारीने नाही, हे प्रमाणित कोण करणार. उपविधीत उष्ट्या फळांबाबत तरतूद नव्हती. बराच वेळ दोघांनी उपविधी चाळल्यावर असा मार्ग निघाला, की आपोआप खाली पडलेलं फळ हा कचरा असतो आणि कचऱ्यावर सभासदाने हक्क सांगितल्यास समितीची हरकत नाही.

म्हणून एका बुधवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन झाडाखाली खुर्ची टाकून बसलो. त्या वेळी माझी अकरा जणांबरोबर ऑनलाइन मीटिंग चालू होती. वर एक पोपट पेरू कुरतडत होता. तो चोचीने पेरू फिरवायचा, थांबायचा, माझ्याकडे बघायचा. मी मीटिंगमध्ये माझा माइक बंद केला आहे अशा समजुतीत होतो. पेरू देठापासून सुटला आणि मी आनंदाने ओरडलो, “पडला, पडला!” अकरापैकी सात जण मराठी होते. त्यांनी एकदम हातातलं काम टाकलं. आमच्याकडे ‘पडला’ म्हणजे एकच गोष्ट पडते, ती म्हणजे सर्व्हर. मी खुलासा करेपर्यंत एकाने चांगला चालणारा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला होता आणि अमेरिकेतल्या एका गृहस्थांना झोपेतून उठवलं होतं. व्यवस्थापकांनी नंतर मला शांतपणे विचारलं, मग काय पडलं होतं. मी म्हटलं, पेरू.

तो पेरू घेऊन मी वर आलो. पूर्वाने सांगितलं, पक्ष्याचं उष्टं माझ्या मुलीच्या तोंडात जाणार नाही, मग तो पोपट कितीही सुशिक्षित असो. मला वाटलं आता ठिणगी पडणार. पण आईने पेरू ओवीच्या तोंडावरून तीनदा ओवाळला, ओवीला बाजारातला चांगला पेरू चिरून दिला आणि उष्टा पेरू वाया जाऊ नये म्हणून स्वतः खाल्ला. तेव्हापासून आईंचं बोलणं फारच स्पष्ट झालंय, असं पूर्वाचं मत आहे.

ही सगळी हकिगत पूर्वाने तिच्या वडिलांना फोनवर सांगितली, आणि प्रकरण अण्णांच्या हातात गेलं.

माझे सासरे गोपाळकृष्ण, म्हणजे अण्णा, सदाशिव पेठेत राहतात. त्यांनी शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. फलकावर कुणी ‘सुचना’ लिहिलेलं दिसलं तर ते खिशातून पेन काढून ‘सू’ करतात आणि मगच सूचना वाचतात. ओवीसाठी त्यांनी रोज बसने येऊन वर्ग घ्यायचं ठरवलं. सदाशिव पेठेतून विश्रांतवाडीला येणं हे अण्णांच्या दृष्टीने परगावी जाणं असल्यामुळे ते टोपी, पाण्याची बाटली आणि एक जादा शर्ट घेऊन यायचे. बरोबर पाटी आणि खडू. मराठीतले बहुतेक अवघड वर्ण आपल्या नावात आहेत, असं ते ओवीला सांगायचे आणि स्वतःचं नाव म्हणायला लावायचे. ओवी म्हणायची, “दोपालतिन्न.” अण्णा डोळे मिटायचे.

पहिल्याच दिवशी त्यांची आणि आईची गाठ पडली. ओवी कोपऱ्यात ठोकळे रचत होती. आईने लाडाने विचारलं, काय करून राहिली माय. अण्णा माझ्याकडे वळले.

“सुदर्शनराव, तुमच्याकडे माणूस काहीतरी करून राहतो. आमच्याकडे तो नुसतं करतो. त्यामुळे आमचं काम जरा लवकर आटपतं.”

आई हसली. “बरोबर आहे अण्णा. तुमी बोलून मोकळे होता. आमी बोलून राह्यतो.”

त्यानंतर दोघं एकमेकांशी इतक्या आदराने वागायला लागले की घरात वावरणं कठीण झालं. अण्णा ‘विहीणबाई, आपण बसावं’ म्हणायचे आणि आई ‘नाही नाही, तुमीच बसा’ म्हणायची, आणि खुर्ची रिकामी राहायची. मधल्या मध्ये ओवी दोघांचंही ऐकत होती. एके दिवशी अण्णा दारात चपला काढत होते तेव्हा ती धावत गेली आणि म्हणाली, “आदोबा, ताय तलून लायला?”

अण्णा एक चप्पल हातात धरून तसेच उभे राहिले. आधी उच्चार दुरुस्त करावा की आधी वाक्यरचना, हे त्यांना ठरवता येईना. चौतीस वर्षांच्या नोकरीत अशी वेळ आली नव्हती. शेवटी त्यांनी दोन्ही दुरुस्त केलं. ओवीला ते वाक्य पाच वेळा म्हणायला लावलं. पाचव्या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता. मी तिथेच होतो आणि माझ्या यादीत चव्वेचाळिसावी ओळ भरत होतो, म्हणून ते माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं असं आता वाटतं, पण तेव्हा आलं नाही हे खरं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी ओवी स्वयंपाकघरात आली आणि टोपलीतल्या केळ्यांपाशी उभी राहिली. मी विचारलं, काय हवंय. तिने केळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग थोडा विचार केला आणि तोंड मिटलं. आणि केळ्याकडे बोट दाखवलं.

मी केळं दिलं. मला वाटलं, झोप झाली नसेल. दुपारी आईनेही सांगितलं, लेकरू आज बोलून नाही राहिलं. शुक्रवारी अण्णांच्या वर्गात ती पाटीसमोर बसली, त्यांच्या शर्टाच्या बटणाशी खेळली, पण काही म्हणाली नाही. ताप नव्हता, रडणं नव्हतं. जेवायला हाक मारली की यायची, हवं ते बोटाने दाखवायची, नको असलं तर मान हलवायची. पलंगाखाली बाहुलीशी तिचं काहीतरी कुजबुजणं चालायचं; मी वाकून पाहिलं की तेही थांबायचं. त्या दिवशी मी लॅपटॉप उघडला. ‘सध्याचा उच्चार’ या रकान्यात भरायला काहीच नव्हतं. अख्खी यादी समोर होती आणि आता एकही चूक होत नव्हती.

शनिवारी आम्ही सगळे सदाशिव पेठेत गेलो. आईलाही नेलं. माझ्या सासूबाईंनी, श्यामलाबाईंनी, ओवीसाठी गोडाचा शिरा केला होता. शिरा खाताना ओवी नेहमी गाणं म्हणते. त्या दिवशी तिने खाली मान घालून खाल्ला आणि वाटी पुढे केली. अण्णा म्हणाले, अजून हवा असेल तर शब्दात सांग बरं. ओवीने वाटी मागे घेतली.

माझ्या सासूबाई फारशा बोलत नाहीत. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली. ‘वाढू का’ आणि ‘पोचलात की कळवा’ यापलीकडे त्यांचं एखादं लांब वाक्य मी ऐकल्याचं आठवत नाही. त्यांनी ओवीच्या वाटीत शिरा वाढला आणि झारा खाली ठेवला.

“मी कोकणातून आले तेव्हा खूप बोलायचे,” त्या म्हणाल्या. “यांनी एकेक शब्द दुरुस्त केला. चांगल्यासाठीच केला. मग मीही अशीच बोट दाखवायला लागले. मोठी होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला, आणि परत काढला. माझ्या आईने श्यामलाबाईंच्या पाठीवर हात ठेवला. अण्णा उठले, फोनपाशी गेले आणि आम्ही तीन आठवड्यांपूर्वी करायला हवी होती ती गोष्ट केली. त्यांच्याच गल्लीत, दोन इमारती सोडून, लहान मुलांच्या वाणीवर उपचार करणाऱ्या श्रद्धा मॅडमचा दवाखाना होता. तिसरा मजला. आम्ही पोपटापर्यंत जाऊन आलो होतो, पण तो जिना चढलो नव्हतो.

सोमवारची वेळ मिळाली. आधी चार पानी अर्ज भरायचा होता. बाळ पालथं कधी पडलं, पहिला शब्द कोणता, कधी. पहिला शब्द ‘बाबा’ असं मी लिहिलं. पूर्वाने ते खोडून ‘आई’ लिहिलं. माझी आई म्हणाली, पहिल्यांदा ती ‘आ’ म्हणाली, आणि ते आजीतलं होतं. मग ओवीचा कान तपासला. हेडफोन लावून आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा. ओवीने एकही ठोकळा चुकवला नाही. कान उत्तम.

मग श्रद्धा मॅडमनी आम्हा पाच जणांना भिंतीलगत ओळीने बसवलं आणि सांगितलं की मी खूण करेपर्यंत कुणीही बोलायचं नाही. त्या स्वतः सतरंजीवर बसल्या, भातुकली मांडली आणि ओवीकडे न बघता खेळायला लागल्या. एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. दहा मिनिटं त्यांनी नुसता चहा केला, बाहुल्यांना दिला, भांडी विसळली. ओवी माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती. मग एक पाऊल पुढे गेली. मग बसली. मॅडमनी एक कप लाकडी अस्वलाच्या तोंडाला लावला तेव्हा ओवीने पटकन त्यांचा हात धरला.

“दलम आहे,” ती म्हणाली.

पाच दिवसांनंतरचे पहिले शब्द. माझ्या शेजारी अण्णांचं तोंड उघडलं. सवयीने ‘गरम’ ओठांपर्यंत आलं असणार. श्यामलाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि अण्णांनी तो शब्द गिळला. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच शब्द गिळताना पाहिलं.

“हो का? गरम आहे?” मॅडम म्हणाल्या. “मग फुंकर मारू या.”

दोघींनी फुंकर मारली. मग अस्वलाला सर्दी झाली, मग ते झोपलं, मग ते आजोबांच्या बसमध्ये बसून गेलं. ओवी वीस मिनिटं बोलत होती. पूर्वाचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण हालचाल केली तर ओवी थांबेल अशी तिला भीती वाटत होती.

नंतर मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं. दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं परक्या माणसाला कळलं तरी पुरे. तिसऱ्या वर्षी चारातली तीन वाक्यं कळावीत. चौथ्याला जवळजवळ सगळं कळावं, पण तेव्हाही उच्चार चुकत असतात. ‘क’ आणि ‘ग’ चौथ्या वर्षापर्यंत बहुतेकांना येतात, ‘र’ आणि ‘ळ’ला काहींना आणखी वेळ लागतो. “मी तिला आज पहिल्यांदा ऐकलं, आणि मला चारातली तीन कळली. आणखी आठ-नऊ महिन्यांनी ‘क’ आला नसेल तर या, मी शिकवीन. तेव्हा घाबरायचं नाही, आणि आज तर मुळीच नाही.”

मीही काहीतरी केलंय हे दाखवावं म्हणून लॅपटॉप पुढे केला. त्यांनी माझी यादी आदराने वाचली, अगदी खालपर्यंत.

“उच्चार छान टिपलेत,” त्या म्हणाल्या. “ती काय सांगत होती, ते कुठे लिहिलंय?”

असा रकाना नव्हता. मी लॅपटॉप बंद केला.

अण्णांनी हात वर केला. वर्गात करतात तसा. चूक कानावर पडली तरी गप्प बसायचं का, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, गप्प नका बसू, उत्तर द्या. ती ‘दाडी आली’ म्हणाली तर ‘हो, गाडी आली, लाल आहे’ म्हणा आणि पुढे बोला. परत म्हणायला लावू नका. आणि रोज दहा मिनिटं पाचांपैकी एकाने तिच्याजवळ जमिनीवर बसायचं आणि ती बोलेल ते ऐकायचं. एवढंच औषध. अण्णांनी ते वहीत लिहून घेतलं. कारंजाची बोली घरात चालेल का, हेही त्यांनीच विचारलं. माझ्या आईला विचारायला संकोच वाटेल म्हणून. मॅडम म्हणाल्या, जी माणसं तिच्याशी जास्त बोलतात त्यांची बोली चालेल. आई माझ्याकडे न बघता अण्णांकडे बघून हसली.

शाळेने मॅडमचं पत्र घेतलं, त्यावर शिक्का वाचता येत नाही म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या पत्रावर शिक्का उलटा आहे म्हणून थोडा विचार केला आणि शेवटी प्रवेश दिला. संचालिकाबाई या वेळीही माझ्या दाढीकडे बघत होत्या, पण मी ते मनावर घेतलं नाही.

परवाची गोष्ट. दहा मिनिटांची पाळी अण्णांची होती. आई कारंजाला परत जायची तयारी करत होती, मी आणि पूर्वा आत कपड्यांच्या घड्या घालत होतो. अण्णा गॅलरीत फरशीवर मांडी घालून बसले होते. बसताना त्यांना भिंतीचा आधार लागला होता, आणि साडेपाचची बस धरायची आहे असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. ओवी पालथी पडून काहीतरी बघत होती.

“आदोबा, ही बघ मुंदी,” ती म्हणाली.

अण्णांना ऐकायला नीट आलं नसावं, किंवा त्यांना तिच्यासारखं बोलून बघावंसं वाटलं असावं. ते म्हणाले, “मुंदी?”

ओवीने मान वर केली. “मुंदी नाही. मुंदी.”

“तेच म्हणतोय मी. मुंदी.”

ओवी उठून बसली. तिने अण्णांचे दोन्ही गाल आपल्या तळहातांत धरले, म्हणजे त्यांचं लक्ष इकडेतिकडे जाणार नाही. आणि सावकाश, एकेक अक्षर सोडवून, न रागावता सांगितलं, “मुंदी नाही आदोबा. मुं. दी.”

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “मुंगी?”

“हां,” ओवी म्हणाली. एवढ्या वेळाने का होईना, पण याला जमलं, असं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं. “मुंदी.” आणि ती पुन्हा पालथी पडली.

आम्ही दारात येऊन उभे होतो. अण्णांनी वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा एखादं फार जुनं कोडं सुटल्यासारखा दिसत होता.

“सुदर्शनराव, ती ‘मुंगी’च म्हणतेय हो,” ते म्हणाले. “तिच्या कानात अगदी बरोबर आहे. आपण चुकीचं म्हटलं की तिला कळतं. ती बरोबरच पाठवतेय. वाटेत थोडं बदलतंय, एवढंच.”

मग ते ओवीकडे वळले, एका कोपरावर रेलले आणि तिच्याइतकं खाली डोकं नेऊन त्यांनी विचारलं, या सगळ्या मुंग्या कुठे चालल्या आहेत. ओवीने सांगायला सुरुवात केली. त्यातल्या एका मुंगीचं लग्न होतं, एक रुसली होती, एकीचा डबा घरीच राहिला होता. अण्णा मध्ये मध्ये ‘अगंबाई’ आणि ‘मग’ एवढंच म्हणत होते.

साडेपाचची बस गेली. त्यानंतरचीही गेली.